गुरुवारच्या तेलाचा वास

अल्माटी, मंगळवार

प्रिय बुरुल,

तुझी चूल पेटती राहो आणि दारात पाहुणा येत राहो.

मी बरी आहे. शिवणकारखान्यातल्या आम्ही तिघी एका खोलीत राहतो आणि पाळीपाळीने रांधतो. माझ्या पाळीला जमीरा म्हणते, "अगं बाई, मीठ घातलंस की नुसतं दाखवलंस?" तरी ताट पुसून खाते. बाबा अजून चहात भाकरी कुस्करून तेवढ्यावरच झोपतात का?

दर गुरुवारी तू गेलेल्या आईच्या नावाने कणकेचे गोळे, बोरसोक, तळतेस आणि तेलाच्या वासाने ती तुझ्या स्वप्नात येते, हे वाचून बरं वाटलं. परवा तिने करपलेला मागितला म्हणे. बुरुल, तुझे कधी करपतात का? करपायचे ते माझे, आणि ती तेच वेचून खायची.

मीही गुरुवारी तळते. घरमालकीण धुरावरून ओरडते, तरी तळते. आई अजून एकदाही आली नाही. जमीरा म्हणते, "इतक्या लांब वास पोचवायचा तर वाऱ्याला तिकीट काढून दे." मी हसले.

तुला तिच्या उशाशी बसून रडता तरी आलं. मी पोहोचेपर्यंत तिला शेवटच्या निरोपासाठी ठेवलं होतं तो तंबूसुद्धा उतरवला होता.

एक मागते, रागावू नकोस. येत्या गुरुवारी तू कढई चढवू नकोस. एकच गुरुवार. तुझ्याकडे वास आला नाही, तर कदाचित ती मला शोधत निघेल.

बाबांना एवढंच वाचून दाखव, की मी पोटभर जेवते.

तुझी मोठी बहीण,
गुलझिना