हात सोडताना

दादा,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून सरळ लिहिते.

आईच्या दुर्मिळ आजारावरचा माझा लेख छापून आला. या आजारात मूठ वळते, पण लवकर उघडत नाही. आईने कप खाली ठेवला तरी बोटं त्याच्या कानातून सुटायची नाहीत, आठवतं ना? हा आजार मुलांमध्येही उतरू शकतो. आम्ही स्नायूंचे डॉक्टर पेशंटशी आधी हात मिळवतो. लोकांना ती अदब वाटते. ती तपासणी असते.

तू मात्र बजावलंस, "घरात डॉक्टरकी नको. मला काही झालेलं नाही."

काल निघताना तू माझा हात धरलास आणि सोडेनास. वहिनी कौतुकाने म्हणाली, "बहिणीवर भारी जीव आहे यांचा." मी हो म्हणाले.

तेवढ्यात डाव्या हाताने तू स्वतःची बोटं एकेक करून सोडवलीस. सवयीने, खाली न बघता.

तुझी,
धाकटी