आईच्या पाटाची गिटार

सिल्वासा, १२ जानेवारी १९९३

आईचा सागवानी पाट कापला, सुकदेव! ज्यावर बसून तुला हळद लागली आणि तू भोकाड पसरलंस, तोच.

आता रीतीचं. धाकट्या भावाला केसरअक्काचा आशीर्वाद. दमा कसा आहे? बिडी सुटली का? (नसेलच.) शोभाच्या गुडघ्यांना तेल लावत जा, तेवढं तरी कर.

कापणारा माझाच नातू, निखिल. त्याला विजेवर वाजणारी गिटार करायची होती. इथून जवळच्या सायली गावातल्या कंपनीत मशीन ज्या खोक्यातून येतं, त्याच्या फळीची आधी केली. जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या भावेशने लोहचुंबकाला तार गुंडाळून दिली. वाजली, पण कशी, तर तुझी सकाळची उबळ. मग आमच्या नातूसाहेबांना कळलं की लाकूड भारी पाहिजे! मी देवळातून परत येते तो पाटाला कंबर फुटलेली. (वरच्या पितळी फुल्या तेवढ्या तशाच ठेवल्यात, उपकार.)

संध्याकाळी मिलिंद कामावरून आला नि पेटला. (माझा मुलगा इंजिनियर आहे, घरातला नळ मात्र अजून गळतो.) तो म्हणे, आवाज चुंबकाचा नि तारेचा, लाकडाचा काय संबंध? फरक कळला नाही तर दोन्ही गिटारी बंबात! पोरगं म्हणे, सागाचा सूर लांब टिकतो. निवाडा माझ्याकडे, कारण बाजारातून माठ वाजवून आणते ती मीच. दोन्हींना चुंबक नि तारा सारख्याच लावल्या आणि मला भिंतीकडे तोंड करून गहू निवडायला बसवलं.

राग असा होता की बंबाला काडी मीच लावली असती. पण आईच्या पाटावर या बापलेकांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं? मग प्रत्येक वेळी "हा साग, हे खोकं" असं बिनचूक सांगितलं. मिलिंद म्हणाला, "आई, काय कान आहेत गं तुझे!" मी म्हटलं, "असायचेच, त्यांना कुठे इंजिनियर केलंय?"

केसरअक्का

ता. क. समोर पितळी कळशी होती, चिंचेने घासलेली. साग वाजायला घेतला की पाटाच्या फुल्या तिच्यात लखलखत होत्या. कुणाला बोललास तर याद राख.

पुन्हा ता. क. निखिल गल्लीभर सांगत फिरतोय, आजीने ओळखलं म्हणून. नि फरक आहे की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. तुझ्याकडचा आईचा दुसरा पाट, शिवणीच्या लाकडाचा, इकडे येणाऱ्या कुणाच्या हाती पाठव. शिवणीचा सूर गोड येईल म्हणतो. या वेळी कळशी माळ्यावर ठेवीन नि डोळे खरंच मिटीन.

उत्तर शोभाने लिहावं. गुडघ्यांमुळे तिला पाटावर बसवत नाही, ती लगेच हो म्हणेल. तू लिहू नकोस, तू परत रडशील.