सह्याद्रीच्या खालच्या टोकाला

आप्पा, तुमच्या नातीला केरळला पाठवायला मी आज हो म्हटलं. तिला तिथल्या शेतकी कॉलेजात जागा मिळाली आहे आणि ती घ्यायची की सोडायची हे आजच कळवायचं होतं. इथे अल-खोबरला आमच्या शेजारी त्रिशूरची एक नर्स राहते. कॉलेज तिच्या गावाजवळच आहे. ती मला चेची, म्हणजे ताई म्हणते. ड्युटीवरून थेट आमच्याकडे आली आणि म्हणाली, "चेची, किराया नहीं चाहिए. पूरा सऊदी का कमाई वो घर में डाला. अब रहता कौन है? अम्मा और छिपकली." सगळे हसलो. मग लेक म्हणाली, "आई, प्लीज, हो म्हण ना. इट्स ओन्ली कॉलेज." माझ्याकडे नाही म्हणण्याचं कारण नव्हतं, आणि शोधण्याची ताकदही नव्हती.

मला तुमचा सातवीचा वर्ग आठवतो. नकाशात मी सह्याद्री गोव्यापाशीच संपवला होता. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "काय गं, डोंगर गोव्यात चहाला थांबला?" मी घरी येईपर्यंत रडले. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात येता, घावनांसाठी काढलेलं तांदळाचं पीठ जमिनीवर पसरता आणि बोटाने रेघ ओढता. आई ओरडते, "अहो, पीठ खायचं आहे!" तुम्हाला ऐकूच येत नाही. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, मध्ये बोटभर केरळ. वर मिरी, वेलदोडा आणि चहा, उतारावर रबर, खाली नारळ, आणि कुठे कुठे समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली भातशेती. "एवढ्याशा जमिनीत माणसं मावत नाहीत, म्हणून ती बाहेर जाऊन घर चालवतात," असं तुम्ही म्हणता तेव्हा आई पुटपुटते, "म्हणजे आपल्या रत्नागिरीसारखंच की."

इथे खिडकी उघडली की धूळ येते, म्हणून मी ती उघडत नाही. एसीचा आवाज आता ऐकूसुद्धा येत नाही. नवरा प्लांटवरून येतो, जेवतो, झोपतो. मघाशी लेक त्या अम्माशी व्हिडिओवर बोलत होती. मागे केळी, ओलं अंगण, चुलीवर उकळणारा लाल भात. अम्माने मल्याळममध्ये काहीतरी विचारलं, लेकीने हिंदीत उत्तर दिलं, दोघींना कळलं नाही आणि दोघीही खूश. मी पाठीमागे तिचे कपडे घडी करत उभी होते.

सगळ्यांना वाटतं, मला लेकीची काळजी लागली आहे. नवरा पाठीवर हात ठेवून गेला. तशी काळजी आहेच, पण थोडी. खरं सांगायचं तर, आप्पा, मला तिचा हेवा वाटतो आहे. तुम्ही असतात तर हे वाक्य मी खोडलं असतं, आणि बाकीचं पत्र पाठवलं असतं.