तळ्यात ओतलेली औषधं

१२ जून २००३
मोहिमेच्या ऑफिसचं पत्र. नऊ वर्षांनी त्यांना आठवण झाली माझी. अंटार्क्टिकाच्या स्टेशनवर हिवाळाभर राहून आलेल्या सगळ्या डॉक्टरांना विचारलंय: मुदत संपलेल्या औषधांचं तुमच्या वेळी काय केलंत? यापुढे तिथल्या तळ्यांच्या पाण्यात औषधांचे अंश तपासणार म्हणे. शिवाय सल्लागार समितीवर येता का, अशी विचारणा. समितीतल्या एखाद्याला पुढेमागे उन्हाळी तुकडीबरोबर तिकडे जाता येईल, असं एक मोघम वाक्य शेवटी.
ते वाक्य तीनदा वाचलं.
दवाखान्यात गर्दी. इंदिरानगरात घरटी एक ताप.

१५ जून
उत्तर लिहायला बसलो. ‘औषधे नियमानुसार नष्ट केली’ इथवर येऊन थांबलो. तिथल्या रजिस्टरमध्येही हेच लिहिलं होतं, खाली माझी सही.
खरं असं: १९९४, परतायच्या आधीचा आठवडा. दवाखाना नव्या डॉक्टरच्या ताब्यात द्यायचा होता. आधीच्या कितीतरी तुकड्यांचा जुना साठा पडून. अँटिबायोटिक्स, वेदनाशामकं, स्टेरॉइडच्या कुप्या. दोन दिवस बेसिनपाशी उभा राहून ओतत होतो. गोळ्या कोमट पाण्यात विरघळवून. बेसिनचा पाइप उतारावरून खालच्या लहान तळ्यात जायचा. हे मला माहीत होतं. काही वाटलं नाही. घरी जायची घाई.
पत्र अर्धवट. ड्रॉवरमध्ये.

२२ जून
डॉ. सुनंदा गावित भेटायला आली. तिशीची असेल. सुरगाण्याकडची, तिकडेच सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ. पुढच्या तुकडीत निवड झालीय, नोव्हेंबरात निघणार, वर्षभर तिथं. नाशकातला मी एकटाच तिकडे जाऊन आलेला, म्हणून पत्ता काढत आली. वही घेऊन. दात दुखले तर काय, हात गारठून काळे पडले तर काय, एकेक विचारत गेली. मजा आली सांगायला.
मग विचारलंन, “सर, मुदत संपलेल्या औषधांचं तुम्ही काय करायचा?”
मी म्हणालो, “यादी करायची, खोक्यात भरायची, जहाजाने परत.”
तिने लिहून घेतलं.

२३ जून
नलिनीने बरोबर पकडलं. (कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, घरी नवऱ्याच्या चेहऱ्याचंही पृथक्करण करते.) म्हणाली, “काल ती पोरगी गेल्यापासून तुम्ही धड जेवला नाहीत.” सांगितलं सगळं.
ऐकून म्हणाली, “इथं गोदावरीत पडलं असतं तर ऊन होतं, जिवाणू होते, मोडतोड झाली असती थोडीफार. तिथं तसल्या थंडीत कोण मोडणार त्याला?”
“माहितीय.”
“आणि त्या मुलीला खोटं का सांगितलंत?”


६ जुलै
जुन्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी. सुनंदाच्या गावी. फोनवर सांगता आलं असतं, जमलं नाही. रविवार म्हणून ती घरीच. भाताची आवणी चालू, रोपं लावायला सगळं घर शेतात. वडील गुडघाभर चिखलातून वर आले, पाय न धुताच ओट्यावर बसले.
तिला म्हणालो, “त्या दिवशी सांगितलं ते खरं नाही. मी सगळं बेसिनमध्ये ओतलं होतं.”
ती रागावेल असं धरून गेलो होतो. तिने वही आणली, आधीचं खोडलं आणि म्हणाली, “काय काय होतं ते आठवेल तेवढं सांगा.”
सांगत होतो. वडील ऐकत होते. मधेच म्हणाले, “आमच्याकडं मासं गुंगवाया झाडाची साल टाकत्यात पाण्यात. पन वाहत्यात टाकली तर ती निघून जाती. तुमचं पानी वाहतं का?”
“नाही. वर्षातले बरेच महिने गोठलेलं.”
“मंग तिथंच हाय ते, डॉक्टर.”
एवढंच बोलले आणि परत शेतात गेले.
सुनंदाने नागलीची भाकरी वाढली. पोटभर जेवलो, बऱ्याच दिवसांनी.

१३ जुलै
पत्र लिहिलं. चार पानं. काय ओतलं, कुठे, कधी. शिवाय सुनंदाशी बोलून तीन सूचना. ‘लागलीच तर’ म्हणून दुप्पट औषधं मागवतो, ते आधी बंद. उरलेलं सीलबंद पिंपातून परत. आणि ‘नष्ट केले’ हा शब्दच नको, कुठे गेलं ते लिहायचं.
नलिनीने वाचून दोन व्याकरणाच्या चुका काढल्या. पाठीवर हात ठेवला.

१५ जुलै
आमचे तेव्हाचे तुकडीप्रमुख देवधर, हल्ली पुण्यात. आधी कळवावं म्हणून फोन केला.
“अरे, सगळेच ओतायचे! नाव मात्र तुझ्या एकट्याचं लागेल.”
“लागू दे.”
“समितीवर घेणार नाहीत. परत जायचं होतं ना तुला?”
होतं. आहे.
दुपारी पोस्टात टाकून आलो.

२ सप्टेंबर
उत्तर. ‘प्रांजळपणाबद्दल आभार.’ समितीबद्दल एक अक्षर नाही. समजलं. पिंपांची सूचना ‘विचाराधीन’.
वाईट वाटलंच. संध्याकाळी पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो. वर चढलो नाही, गुडघा.

१९ नोव्हेंबर
सुनंदा निघाली. रेल्वे स्टेशनवर आई-वडील, दोन भाऊ. आईने नागलीच्या पापडांचा डबा दिला. वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पोर एकटी नाय ना पडनार?” म्हणालो, पडेल. पण खमकी आहे. त्यांनी मान हलवली.
पिंपं मिळाली. दोनच.

८ ऑगस्ट २००४
तिचा सॅटेलाइट फोन. आवाज उशिरा पोचतो, दोघं एकदम बोलतो. म्हणाली, पहिलं पिंप भरलं. “सगळे हसायचे, सर, डॉक्टरबाईंचा लोणच्याचा बुधला म्हणून. आता आपणहून रिकाम्या ट्यूबा आणून देतात.” परतीच्या सामानात जागा नाही म्हणून प्रमुख कुरकुरतायत. तिने सांगितलंय, पिंपं राहिली तर मीही राहते.
लाइन कट.

१९ मार्च २००५
सुनंदा परत आली, आज घरी आली. गाल काळवंडलेत, हसणं तेच. दोन्ही पिंपं जहाजावर चढली, इकडे आणून भट्टीत जाळली. स्वतः उभी राहून पाहिलंन.
तळ्याच्या वरच्या पाण्यात काही सापडलं नाही. मी सुस्कारा सोडला. ती म्हणाली, “थांबा, सर. तळाचा गाळ घेतलाच नाही. पाइप मागेच हलवलाय, जुना कुठे संपायचा ते तिथं कुणाला ठाऊक नाही. नकाशात नाही.”
मग ऑफिसचं पत्र दिलं. पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायचा आहे. समितीबिमिती नाही, फक्त जागा दाखवायला याल का? प्रकृती ठीक असल्यास.
नलिनी म्हणाली, “सापडलं तर काढता येणार आहे का?”
“नाही, काकू. पण जागा कळली तर पुढे तिथला बर्फ कुणी फोडणार नाही, पाणी उपसणार नाही.”
मी छप्पन्न वर्षांचा. ‘बघू’ म्हणालो.

२४ मार्च
मोहिमेच्या फॉर्मसाठी तपासण्या. छातीचा फोटो, रक्त, ईसीजी ठीक. गुडघ्यासाठी वसंताकडे गेलो, हाडांचा डॉक्टर, माझा वर्गमित्र. फॉर्म पुढे ठेवून त्याने हसत विचारलं, “काय लिहू? पास की नापास?”
म्हणालो, “आधी नीट तपास. मग जे असेल ते लिही.”
त्याने चष्मा लावला. “पँट वर कर. वाकव.”
वाकवला.