भिजलेल्या दोराचे वीस हात

३ जानेवारी

जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीच्या पहिल्या तोंडाशी, चिंचेखाली, पेरू. मी अकरा वर्षांची, कॉन्व्हेंटचा निळा फ्रॉक, मांडीवर दोराचं टोक. शेजारी माझे वडील, अण्णा, वहीत आकडे मांडताहेत. दुसरं टोक खाली, जमिनीच्या पोटात, पाण्यातून पुढं गेलेलं. एक हिसका आला तर थांबायचं, दोन आले तर दोर सोडायचा, तीन आले तर ओढायचं. अण्णा चाकूनं पेरूच्या तीन फोडी करायचे. एक त्यांची, एक माझी, एक दगडी झाकणावर. मला वाटायचं तो नहरीचा नैवेद्य. हात पुढं केला की, "शाले, ठेव ती. तुझी नाय." तरी बऱ्याचदा मीच खायची.

हे आज आठवायचं कारण टपालानं आलं. कार्ड. नहरीचं बुजलेलं दुसरं तोंड २३ तारखेला सकाळी दहा वाजता समारंभानं उघडणार, आणि नहरीचे थोर संशोधक म्हणून वसंतरावांचा सत्कार. कोपऱ्यात त्यांच्या हातचं : "शालन, जुन्या स्नेहानं. पहिल्या रांगेत ये."

येणार. नक्की येणार.

५ जानेवारी

कार्ड आरशाला खोचून ठेवलंय. वेणी घालताना राग ताजा राहतो.

वसंतराव, म्हणजे व., वैजापूरचा. इथं शिकायला आला तेव्हा वार लावून जेवायचा. मंगळवार आमच्याकडे. अंबाडीची भाजी आणि भाकरी दोनदा मागून घ्यायचा. मी त्याला दादा म्हणायची. अण्णा पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर. पोलीस ॲक्शननंतर कचेरीतले उर्दू कागद अडगळीत गेले, नहरीचे जुने नकाशे वाळवीनं खाल्ले. अण्णांना उर्दू येत होतं, त्यांना ते बघवेना. म्हणून रविवारी स्वतः नहर मोजायला निघाले. पंप नाही, वीज नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी नुसत्या उतारावर गावभर पाणी खेळवलं. अण्णा सांगताना आवाज खाली आणायचे, देवळात बोलावं तसा.

सहा वह्या झाल्या. व. त्या "दोन दिवसांसाठी" घेऊन गेला. मग पुण्याला गेला, डॉक्टरेट केली. मग पुस्तक आलं. प्रस्तावनेत एकतीस जणांचे आभार. टंकलेखक आहे, मेसचा आचारी आहे. अण्णा नाहीत. अण्णांनी ती प्रस्तावना दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छपाई लई सुरेख केलीय."

एवढंच. मेले तरी एवढंच.

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं ट्रेसर होते. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चार रकाने असतात. मोजलं कोणी, काढलं कोणी, ट्रेस केलं कोणी, तपासलं कोणी. धरणाचा नकाशा असो की चारीचा, चारही भरल्याशिवाय साहेब सही करत नसत. शेकडो नकाशांवर माझी दोन अक्षरं आहेत. आणि ज्या माणसानं काळोखात पोटावर सरपटत नहर मोजली, त्याचं नाव कुठंच नाही.

कॉन्व्हेंटात रोज सकाळी क्षमेची प्रार्थना म्हणायचो. माझा आवाज वर्गात सगळ्यांत गोड होता.

९ जानेवारी

खोदकाम बघायला गेले. व.नं स्टीलची टेप लावून पहिल्या तोंडापासून चारशे हात मोजले, चुन्याची फुली मारली. पांढरी टोपी, हातात काठी, मागं समितीची माणसं. खोदणाऱ्यांचा मुकादम रशीद. करीमभाईंचा मुलगा. करीमभाई अण्णांच्या हाताखाली होते. रशीदनं मला पाहून सलाम केला.

दीड पुरुष खोल गेले. काळी माती, मग मुरूम. मुरूम कधी कुणी हलवलेलाच नाही. तोंड तिथं नाहीच.

मला ठाऊक होतं. मी छत्री टेकून उभी राहिले आणि पोटात गारेगार वाटत होतं. चारशे हा आकडा अण्णांचाच, पण भिजलेल्या दोराचा. अंबाडीचा दोर, हाताहातावर गाठी कोरडेपणी मारलेल्या. दोर पाण्यात भिजला की आखडतो, गाठी जवळ येतात, आणि मोजणारा जास्त हात मोजतो. अण्णांना हे काम संपल्यावर लक्षात आलं. सातव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय : शंभरामागं पाच हात वजा. म्हणजे चारशेचे वीस. खरं तोंड फुलीच्या वीस हात अलीकडे.

सातवी वही व.ला मिळाली नाही. माझी रफ वही संपली म्हणून मी ती शाळेत नेली होती. शिवणाच्या तासाला तिच्यात गाठींची चित्रं काढताना सिस्टरनं पकडलं, वही वर्षभर कपाटात. सहा गेल्या तेव्हा सातवी शिक्षा भोगत होती. त्या सिस्टरला मी किती शिव्या दिल्या होत्या मनात. आज तिच्यासाठी मेणबत्ती लावावी म्हणते.

१२ जानेवारी

दुसरा खड्डा. हसू आवरेना, पदर तोंडाला लावला. व.ला कुठून तरी सुचलं की दोर ओला होता. पण त्याला वाटतं, ओला दोर सैल पडून लांबतो. म्हणून तो वीस हात पुढं गेला! जन्मात कधी बाज विणली नाही. बाज ढिली पडली की तिच्यावर तांब्याभर पाणी शिंपडतात, सुतळी कशी टणटणीत होते, हे आमच्या पिशोरच्या शेंबड्या पोरीलाही कळतं. वैजापूरलाही बाजा असतील की. हा पुस्तकं वाचत झोपत असेल तिच्यावर.

आता तो चाळीस हात चुकलाय. खोद. खोद म्हणावं.

१४ जानेवारी, संक्रांत

व. घरी आला. तिळगुळाची डबी घेऊन.

"तिळगूळ घे, गोड बोल."

"बसा. दात आहेत ना अजून?"

हसला. म्हातारा झालाय, बसताना गुडघ्यावर हात ठेवतो. क्षणभर तो मंगळवारचा मुलगा दिसला, ताटावर वाकलेला. मग मी आरशातलं कार्ड बघितलं.

"पूर्वी मला दादा म्हणायचीस."

"पूर्वी तुम्ही नेलेल्या वस्तू परत आणायचात."

चहा ढवळत राहिला. साखर नव्हती, तरी ढवळत होता. मग, "अण्णांची सातवी वही होती का गं?"

"होती."

कप खाली. "कुठंय?"

"बंबात घातली. तुमचं पुस्तक आलं त्या दिवशी. अण्णांच्या आंघोळीचं पाणी छान तापलं."

इतकं सुरेख खोटं मी आयुष्यात बोलले नाही. वही त्याच्या खुर्चीमागच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली. हात मागं केला असता तर लागला असता.

उठताना म्हणाला, "समितीला सांगितलंय मी, मजूर बरोबर मोजत नाहीत. त्या रशीदच्या टोळीला बदलायला हवं."

ह्याचं मला काय, असं आधी वाटलं. आता हे लिहिताना वाटत नाही. तिळगूळ मात्र चांगला होता. खाल्ला. गोड बोलायचं वचन मी दिलं नव्हतं.

१६ जानेवारी

रशीद आला. बरोबर मुलगी नसरीन, पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. ती ओट्यावर बसली, रशीद उभाच.

"ताई, वो डॉक्टरसाब बोलते, मेरे लोगां टेप बराबर नहीं पकडते. सोमवारपासनं दुसरी टोळी. तुम्हाला काय माहीत असंल तर सांगा."

मी सगळं सांगितलं. वही, वीस हात, बंब. वाटलं, खूश होईल.

तो खाली बसला. मग, "म्हंजे तुम्ही छत्री घेऊन उभ्या होत्या, आणि तुम्हाला माहीत होतं. भांडण तुमचं, घाम आमचा. अच्छा है."

मी म्हटलं, "रशीद, त्यानं एकदा माईकवर अण्णांचं नाव घ्यावं, एवढंच मला हवंय. नहर मोजली अण्णांनी—"

"नहर मोजली अब्बानं."

त्यानं आवाज चढवला नाही. "अण्णासाब वरती बसायचे, वही घेऊन. उनको दमा था, अंदर कैसे जाते? आत अब्बा. पानी में, पेट के बल. तुम्ही दोर धरायच्या ना? मग त्या टोकाला कोण होतं, ताई?"

नसरीननं त्याच्या बाहीला हात लावला. "अब्बू, बस्स."

"पूछने दे. अण्णांच्या वहीत अब्बाचं नाव कुठं हाय, तेवढं दाखवा. मग मी तुमच्यासाठी डॉक्टरसाबशी भांडतो."

१७ जानेवारी

वही पहिल्या पानापासून वाचली. भिंग घेऊन.

"मापन : स्वतः." अण्णांचं ठसठशीत अक्षर. पुढं, "आत उतरलो." "पाणी कमरेपर्यंत." सगळीकडे मी, मी, मी. एका पानावर, "सोबत मजूर एक."

मजूर एक.

त्यांचा दमा मला माहीत होता. रात्रंदिवस ती शीळ ऐकत वाढले. आणि तरी बारा दिवसांपूर्वी ह्याच रोजनिशीत मी काय लिहिलं? पोटावर सरपटत. मनानंच रचलं आणि त्याच्यावर चाळीस वर्षं राग पोसला.

झाकणावरची ती फोड. दोर वर ओढला की डोक्याला फडकं बांधलेला माणूस निथळत बाहेर यायचा, आणि झाकणाकडे बघायचा, आणि मी तोंड पुसत असायची. तो हसून म्हणायचा, "बिटिया को भूक लगी होगी."

अण्णा, तुम्ही फोड ठेवलीत. रकाना नाही ठेवलात.

आमचे हे आज असते तर म्हणाले असते, शालन, जाऊ दे आता सगळंच. ह्यांचं सगळं जायचं. माझं जात नाही. व.वरचा राग कमी झाला नाही, त्यात फक्त एक वाटेकरी आला.

१९ जानेवारी

रशीदकडे गेले. दारातच म्हटलं, "नाव नाही. मजूर एक लिहिलंय. चूक अण्णांची आणि माझी." त्याची बायको चहा ठेवायला आत गेली. रशीद म्हणाला, "आत या. उन्हात काय सांगता."

नसरीनला वही दिली बघायला. ती म्हणाली, "आंटी, शंभराला पाच हे खरं कशावरून? तपासायला पाहिजे." मला तिचा पापा घ्यावासा वाटला. जुना दोर आमच्या माळ्यावर आहेच, दोघांना घरी आणून तो अंगणात ताणला. वीस गाठी कोरड्या मोजल्या. घंगाळात दुपारभर भिजवला. पुन्हा ताणला. वीस गाठी, एकोणीस हातांत बसल्या. बरोबर.

नसरीन टाळ्या वाजवायला लागली. रशीदनं ओल्या दोरावरून हात फिरवला. "अब्बानं वळला हा. शेवटाला असा पीळ कोणी देत नाही." मग डोळे पुसायला त्यानं दुसरीकडे बघितलं. मीही.

मग बसून ठरवलं. टोळी अजून बदललेली नाही, दुसरी मिळाली नाही म्हणे. २३ला कुदळ रशीदच्याच हातात असेल. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बोलाल तिथं मारीन. पन एक नाव नाय. दोन."

"दोन."

२२ जानेवारी

व.नं निरोप पाठवला, तिसऱ्या जागी चुन्याची फुली मारलीय, आणखी दहा हात पुढं. उद्या पाहुण्यांसमोर तिथंच खणणार. बिचारा. नाही, बिचारा नाही.

ऐन वेळी माझं मन विरघळतं. चांगल्या शाळेत घातल्याचा परिणाम. म्हणून कुणाला काय द्यायचं ते आत्ताच लिहून ठेवते, उद्या पर्समध्ये ही पानंही नेणार.

दोर रशीदला. माळ्यावर होता म्हणून तो आमचा होत नाही.

सातवी वही नसरीनला. तिच्यात मी एक खाडाखोड केली नाही, अण्णांचं अक्षर अण्णांचं राहू दे. शेवटच्या पानाला ट्रेसिंगचा एक तुकडा जोडलाय, चार रकाने, माझ्या चांगल्या दिवसांतल्या अक्षरात. मोजलं : करीमभाई. नोंदलं : अण्णा. दोर धरला : शालन. तपासलं : नसरीन. करीमभाईंचं पूर्ण नाव रशीदला विचारून लिहिलं. इतक्या वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं.

व.चं पुस्तक व.ला परत. समासात कुठलं पान कुठल्या वहीतलं, ते पेन्सिलीनं लिहिलंय. शंभर पानांनंतर कंटाळले. त्याला उरलेलं माहीत आहे.

आणि तोंडाची खरी जागा. त्याच्या हातात माईक आला की मी पहिल्या रांगेतून उभी राहणार आणि सगळ्यांदेखत विचारणार, नहर कोणी मोजली, वसंतदादा? दोन्ही नावं घेतली तर वीस हात आणि बाजू, दोन्ही सांगीन, रशीद तिथं कुदळ मारील, पाणी वाहील, हार त्यालाच पडू देत. एकच घेतलं, मग ते अण्णांचं का असेना, तर वीस हा आकडा सांगीन, कुठल्या फुलीपासून, कुठल्या बाजूला, ते नाही. एकही घेतलं नाही तर मी खाली बसणार. मुरूम खणू देत. परवा पाहुणे गेले की आम्ही तिघं जाऊ.

रशीदनं विचारलं, "ताई, तो घेईल नाव?" मी म्हटलं, मंगळवारी जेवणारा मुलगा असता तर घेतलं असतं. उद्या कोण येतंय, ते मला माहीत नाही.

बाजारातून एक मोठा पेरू आणलाय. चाकू रुमालात गुंडाळून ठेवला. तीन फोडी नक्की : रशीद, नसरीन, मी. चौथी करायची की नाही, ते उद्या दहानंतर.