यादीतला पलंग

अमरावती,
४ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस,
रागिणीचा सा. न. वि. वि.

वसुलीवाल्यांना कंटाळून दोन्ही मोबाइल बंद करून ठेवलेत, म्हणून हे पत्र. आधी माझ्या अक्षराला हसून घे, मग पुढे वाच.

यांनी शेवटी दिवाळं काढलं, कोर्टात नादारीचा अर्ज दिला. मंडप, खुर्च्या, जेवण सगळं हल्ली लॉनवालेच देतात, मग आमच्या बिछायत केंद्राकडे कोण येणार? आता कोर्टाचा माणूस येऊन सामानाची यादी करेल आणि पुढे लिलाव. आमच्या वकील साधनाताई म्हणाल्या, कपडे, स्वयंपाकाची भांडी, गरजेपुरती अंथरुणं-पलंग यांना हात लावत नाहीत आणि आंदणात आलेलं तर बाईचंच असतं.

मला काळजी एकाच वस्तूची, बाबांनी आंदणात दिलेल्या सागवानी पलंगाची. दिवाळीत सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या त्यावरच आहेत. पलंग उंच आहे म्हणून मला त्यांना बसवता येतं, भरवता येतं. नादारीचं त्यांना सांगितलेलं नाही. हाड जुळेपर्यंत कशाला जिवाला घोर, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

बाबांनी केलेली आंदणाची यादी शोधून पाठव. वहिनीला नमस्कार, दीक्षाला पापा. आहे तेवढा लोभ पुष्कळ झाला, तो फक्त आटू देऊ नकोस.

तुझी,
रागिणी


अकोला,
११ फेब्रुवारी

चि. सौ. रागिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला शेवटी दीक्षालाच बसवावं लागलं. तिच्या मते तुला पहिलीत परत घालायला हवं.

यादी सापडली, झेरॉक्स सोबत आहे. पलंग नवव्या नंबरला, ‘सागवानी, धामणगावच्या सुताराकडून’. खाली तुझ्या सासऱ्यांची सही. बाबांनी पोळपाट-लाटणंही सोडलेलं नाही. लग्नात या यादीवरून आपण त्यांना किती चिडवलं होतं!

तरी माझा कागदावर भरवसा नाही. गल्लीतल्या सहदेवच्या टेम्पोत आमचा लोखंडी पलंग घालून २३ तारखेच्या रविवारी येतो. तो तुझ्या सासूबाईंना, गोदाबाईंना दे, बाबांचा मी इकडे आणून ठेवतो. कोणाला पत्ता लागणार नाही. सागररावांना सांग, मान खाली घालू नका. धंदा बुडाला, माणूस नाही.

काय ते कळव. तोवर जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझा भाऊ,
खुशाल


अमरावती,
२० फेब्रुवारी

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

तू येऊ नकोस म्हणून कळवणारच होते. अर्ज दिल्यावर सामान हलवलं तर तो लबाडीचा गुन्हा होतो म्हणे. पण तुझं पत्र आलं त्याच दुपारी कोर्टाचा माणूस दोन पंच घेऊन दारात उभा राहिला.

यादी दाखवली. त्याने ती नीट वाचलीही. मग वाकून पलंगाची बाजू बघितली. तिथे लाल पेंटने लिहिलेलं, ‘सागर बिछायत, नग १’. दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून चमच्यापासून सतरंजीपर्यंत सगळ्यांवर नाव घालायची आमच्या धंद्याची रीत. एका सीझनला नवरदेवाच्या खोलीसाठी हा पलंग दोन-तीनदा भाड्याने गेला, तेव्हा यांनीच रंगवलं. त्याने विचारलं, भाड्याने दिला होता का? हे हो म्हणाले. भाऊ, मला इतका राग आला! आयुष्यभर गिऱ्हाइकाकडे बिल मागायला लाजणारा माणूस, आणि इथे त्याला खरं बोलायचं सुचलं.

पलंग धंद्याच्या मालात धरला. हरकत घ्या म्हणाला, तारीख एप्रिलची. यांनी आणि दोन हमालांनी सासूबाईंना उचलून खाली गादीवर ठेवलं. त्या घाबरून विचारत होत्या, मले खाली काहून घेऊन राहिले, माहा टाइम झाला का?

आपल्याकडे माणसाला खाली कधी घेतात ते तुला सांगायला नको. पलंग कोर्टाने नेला म्हणून मी शंभरदा सांगितलं. त्या म्हणतात, माह्या पोराचं घर असं जप्त होत नसते, तू मले फुसलावू नको. जेवण सोडलंय. शेजारच्या शकुनकाकू त्यांना खाली बघून रडतच घरी गेल्या आणि गंगाजल घेऊन आल्या.

लोखंडी पलंग पाठव. पावती तुझ्याच नावाची असू दे, म्हणजे तोही जप्तीत जाणार नाही. तुझ्याशिवाय मागू तरी कोणाला?

रागिणी


अमरावती,
२४ फेब्रुवारी

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

सहदेव चहा घेतोय तोवर लिहितेय. पत्र त्याच्याच हाती देते.

पलंग उतरवला, गादी घातली, चादर घातली. आम्ही तिघं सासूबाईंना उचलायला वाकलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. इतका जोर कुठून आला कोण जाणे. म्हणाल्या, खाली घेतलेल्या माणसाले परत वर ठेवते का कोणी? घराले दोष लागते, माह्या पोराले लागंन.

हे त्यांच्या पायाशी बसून पहिल्यांदाच सगळं बोलले. धंदा, अर्ज, ती लाल अक्षरं, सगळं. भाऊ, मी यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला हळूच म्हणाल्या, मी चालली म्हणून पोरगं भ्रमून राहिलं, त्याले सांभाळजो.

सकाळपासून पाणीही घेत नाहीत. पलंग भिंतीशी तसाच आहे. तू आणि वहिनी आजच निघा.

रागिणी