'खाली' लिहिलेले डबे

१२ नोव्हेंबर
बडोद्याला पोचले. मोहनाचं गोत्री भागातलं घर ऐसपैस, भरपूर उजेडाचं. जावई स्वतः स्टेशनवर आले होते. साताऱ्याचं घर आवरून लेकीकडे कायमचं राहायचं म्हणून जी धाकधूक होती, ती पहिल्या चहाबरोबर गेली. जावई हेरंबराव इथल्याच दांडिया बाजारात वाढलेले. मराठी बोलतात, पण मधूनमधून गुजरातीचा खडा लागतो. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईच्या कानाला ते टोचतं. सुधारेन.

१४ नोव्हेंबर
मागच्या खोलीत जावयांचा छंद चालतो. भंगारातल्या सामानातून हजारो व्होल्ट तयार करायचे आणि ठिणग्या बघत बसायचं. गोरव्याच्या कारखान्यात दिवसभर विजेचंच काम, तेवढं पुरत नाही वाटतं. ये-जा त्या खोलीच्या अंगणाकडच्या दाराने, म्हणजे सासू आडवी येत नाही.
वरच्या फळीवर करड्या पत्र्याचे डबे आहेत. त्यांना कपॅसिटर म्हणतात, त्यांत वीज साठते. मी आत पाऊल टाकलं तर म्हणाले, इथे एक हात पाठीमागे धरून यायचं, चुकून दोन्ही हात लागू नयेत म्हणून. सासूला! हा पसारा वरून उतरवा, असं मी सांगितलं. त्यावर एका डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आई, ह्याला खाली केलं तरी ते आपोआप परत चढतं."
चढायला ते मांजर आहे का, असं मी विचारलं. मोहना हसली. ते हसले नाहीत.

१७ नोव्हेंबर
जावई कामासाठी सुरतेला गेले. मी ती खोली आवरायला काढली. वरच्या डब्यांवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या: 'खाली'. म्हणजे जागा ठाऊक आहे, हात हलवायचा नाही. सगळे डबे खालच्या फळीवर लावले. प्रत्येकाच्या माथ्यावरच्या दोन बोंडांना तांब्याच्या तारेचं कळकट वेटोळं होतं. ती सोडवून भंगारवाल्याला दिली. डबे पुसले. आता ती खोली माणसाची वाटते.

१८ नोव्हेंबर
जावयांचा फोन. खोलीत कोणी गेलं नाही ना? मी नाही म्हटलं. ह्या वयात जावयाला जाब द्यायचा नसतो.

२० नोव्हेंबर
दुपारी मागच्या खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. बटणं बंद होती, प्लग काढलेला. एका डब्याच्या दोन बोंडांवर पाल ताणून पडलेली, पाय करपलेले. केरसुणीच्या दांड्याने ढकलली. जळक्या केसांसारखा वास.
प्लग काढलेला होता. मग वीज आली कुठून?

२१ नोव्हेंबर
आत जात नाही. घराकडच्या दाराला कुलूप घातलं. तरी ते डबे दाराकडे बघत बसलेत असं — वेडेपणा आहे. मोहनाला सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
मोहना बाहेर पडताना सांगून गेली, "आई, तेलाचा डबा खाली झालाय, नवा फोड." मी वाकून ओट्याखाली शोधला. डबा ओट्यावरच होता. रिकामा.
खाली म्हणजे रिकामा. हिनेही उचलला तो शब्द.
चिठ्ठ्या — वीज काढून रिकामे केलेले, म्हणून. तारा त्यासाठीच, परत चढू नये म्हणून. तारा मी —
आणि चिठ्ठ्या तशाच आहेत. ते वाचतील आणि बिनधास्त हात —
फोन लागत नाही. गाडीत असतील. आज येणार आहेत.
खोलीच्या कुलूप घातलेल्या दारापुढे खुर्ची टाकून बसले आहे. किल्ली मुठीत. सगळं सांगेन, खोटं बोलले तेही. ते येईपर्यंत लिहीत बसते.
फाटक वाजलं. आले. आधी सांगायचं, मग —
पुढच्या दाराने कोणी आलं नाही.
अंगणाचं दार. ते नेहमी तिथूनच — मी इथे कशाला —
दाराच्या फटीतून उजेड. आत चपला वाजताहेत. कुलूप निघत नाही. ओरडते आहे, त्यांच्याच भाषेत — हेरंबराव, ते खाली नाहीत, ते खाली ना—